पोपटाचा उष्टा पेरू

नगरहून मनमाडच्या रस्त्यानं निघालात आणि बाभळेश्वर मागे पडलं, की रस्त्याच्या कडेला पेरू दिसायला लागतात. टोपल्यांत रचलेले, हातगाडीवर मांडलेले, चार फाका करून तिखट-मीठ लावलेले. राहाता आलं. शिर्डीला निघालेली गाडी इथे पेरूसाठी थांबली नाही, असं क्वचितच होतं.

बागेत मात्र या पेरवांना आणखी एक गिऱ्हाईक असतं, आणि ते पैसे देत नाही. पोपट. थव्यानं येतो, झाडावरचा सगळ्यांत गोड पेरू बरोब्बर हेरतो, दोन चोची मारतो आणि अर्धा टाकून दुसऱ्यावर जातो. बागवाल्याच्या लेखी तो पेरू वाया गेला. पण त्या टोचलेल्या पेरवालाही मागणी आहे! घरात दोन-अडीच वर्षांचं नातवंड असतं, गुबगुबीत, हसरं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मग आजी बागेत निरोप धाडते, ‘पोपटाचा उष्टा पेरू मिळतोय का बघ. पोराला चारायचाय.’ पोपट बोलका, त्याचं उष्टं खाल्लं की पोरगंही बोलकं होणार.

तो पेरू मुलाला देऊ नका, पक्ष्यांच्या उष्ट्यातून माणसाला आजार होऊ शकतात. पण आजीला हसूही नका. मुलाला बोलतं करण्यासाठी गुरू शोधायचा, तर साऱ्या जीवसृष्टीत तिनं ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्याच्याइतका योग्य गुरू सापडणं कठीण आहे. फक्त त्याच्या चोचीऐवजी दुसरीकडे बघायला हवं होतं. कुठे, ते पुढे येईलच.

आधी सांगा, कुत्र्याच्या पिल्लाला भुंकायला कोण शिकवतं? कोणीच नाही. यंत्रात उबवलेला कोंबडा, ज्यानं जन्मात दुसरा कोंबडा ऐकलेला नाही, तोही मोठा झाला की पहाटे बांग देतो. बहुतेक प्राण्यांचा आवाज अंगातच भरून आलेला असतो. दुसऱ्याचा आवाज कानानं टिपायचा आणि तो आपल्या गळ्यातून काढायला शिकायचं, ही विद्या फार थोड्यांकडे आहे. काही पक्षी, देवमासे आणि डॉल्फिन, वटवाघळं, हत्ती, सील, आणि आपण. आपला सगळ्यांत जवळचा नातलग चिंपांझी, पण या विद्येत तो जवळजवळ कोरा. पोपट मात्र पहिल्या बाकावर बसलेला!

आणि तो बोलतो कसा, हे तर ऐकाच. पोपटाचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही, तो खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे होतो. मग त्या आवाजाला शब्दासारखा आकार कोण देतं? २००४ साली काही संशोधकांनी मेलेल्या पोपटांच्या स्वरयंत्राच्या जागी एक चिमुकला स्पीकर बसवला, त्यातून आवाज सोडला आणि पोपटाची मांसल जीभ जरा-जरा सरकवून पाहिली. जीभ अगदी किंचित हलली आणि बाहेर पडणारा आवाज बदलला! आपण ‘आ’चा ‘ई’ करताना जे करतो, तेच.

आता याहून गोड गोष्ट. व्हेनेझुएलात मुठीएवढे हिरवे पोपट आहेत. प्रत्येकाची एक खास हाक असते, जवळजवळ नावासारखी. ती हाक येते कुठून? कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांत कॅमेरे बसवले, काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली आणि २०११ मध्ये उत्तर छापलं. पिल्लांच्या हाका मिळत्याजुळत्या निघाल्या त्या अंडी घालणाऱ्यांशी नाही, वाढवणाऱ्यांशी. पिल्लू स्वतः नीट आवाज काढू लागण्याआधीच आई-बाप घरट्यात त्याला हाक ठरवून देत होते. म्हणजे पोपटाच्या घरीही बारसं होतं!

आपल्याकडच्या बारशाला काय होतं, आठवा. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाला तोंड लावते आणि ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. पहिला शब्द जिभेवर ठेवला जात नाही. तो कानात सांगितला जातो.

तसं पाहिलं तर बारसं उशिराच म्हणायचं. बाळाचा कान पोटात असल्यापासून कामाला लागलेला असतो. सहावा महिना सरता-सरता त्याला आवाज पोचू लागतात. पाण्याखालून ऐकावं तसे, अक्षरं पुसट पण चाल स्पष्ट. आईच्या बोलण्याचा चढ-उतार त्याला जन्माआधीच पाठ होतो. खोटं वाटतं? जर्मनीत कातलेन वेर्मके यांच्या गटानं ६० नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं, निम्मी बाळं फ्रेंच आयांची, निम्मी जर्मन आयांची. वय दोन ते पाच दिवस. २००९ मध्ये निष्कर्ष आला, फ्रेंच बाळांचा सूर रडताना खालून वर चढायचा, जर्मन बाळांचा वरून खाली उतरायचा. अगदी त्यांच्या-त्यांच्या भाषेसारखा! म्हणजे ट्यांहा करायचं, तेसुद्धा मातृभाषेत!

आणि एक प्रयोग असा, की मराठी माणसानं तो वाचून कॉलर ताठ करावी. ‘ताट’ म्हणा. पहिला ‘त’, शेवटी ‘ट’. आपल्या कानाला या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर. पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला त्यातला फरक सहसा ऐकूच येत नाही. मग इंग्रजी घरातल्या बाळाला? कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच दोन ध्वनी बाळांना ऐकवले. आवाज बदलला की बाळ मान वळवतं का, एवढंच पाहायचं. सहा ते आठ महिन्यांची बाळं सहज मान वळवत होती. आणि १० ते १२ महिन्यांची? बहुतेकांना फरक जाणवेनासा झाला होता. १९८४ सालचा हा शोध. जगातल्या कुठल्याही भाषेला तयार असा कान घेऊन बाळ येतं आणि वर्षाच्या आत ठरवून टाकतं, आपल्या घरात कुठल्या आवाजांचं चलन आहे, बाकीची नाणी बाजूला. बाळ एक शब्दही बोललेलं नसतं, तेव्हा हे सगळं उरकलेलं असतं.

कानाचं काम असं पुढे गेलं, की पाळी येते जिभेची.

ही जीभ काय चीज आहे, हे पाहायला राहात्याच्या एसटी स्टँडवर उभं राहा. कंडक्टर ओरडतोय, ‘शिर्डी… कोपरगाव…’ समोरून नगरला जाणारी गाडी, ‘बाभळेश्वर, कोल्हार!’ आता ही नावं सावकाश म्हणा आणि लक्ष जिभेवर ठेवा. ‘राहाता’. ‘रा’ला शेंडा वर फडफडला, ‘हा’ला जीभ स्वस्थ पडून राहिली, ‘ता’ला शेंडा दातांवर टेकला. ‘शिर्डी’. पातं टाळूजवळ गेलं, वाऱ्याला बारीक फट ठेवली, शेंडा थरथरला आणि लगेच मागे वळून टाळूवर आपटला. ‘कोल्हार’ला तर कमाल. ‘क’साठी जिभेचं बूड उठलं, ‘ल्ह’साठी शेंडा वर चिकटला आणि हवा दोन्ही अंगांनी निसटली. आणि ‘बाभळेश्वर’ला शेंडा मागे दुमडून झटका देतो, तो आपला लाडका ‘ळ’. कंडक्टरला यातलं काही ठाऊक नाही. तो सुट्टे पैसे मोजतोय!

सेकंदाला दहा-बारा ध्वनी या वेगानं ही कसरत चालते. बरं, जिभेत हाड नाही. हाताला हाडं आहेत, सांधे आहेत, त्यांच्या आधारानं स्नायू खेचतात. जीभ म्हणजे नुसता स्नायू, आठ जोड्या, उभ्या-आडव्या-तिरक्या विणलेल्या. तिचं तत्त्व साधं आहे. भिजवलेली कणीक मुठीत दाबली की बोटांतून बाहेर येते ना? आकारमान तेवढंच राहतं, एकीकडे दबलं की दुसरीकडे वाढतं. हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे हात याच तत्त्वावर चालतात. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या तोंडात एक छोटीशी सोंड आहे.

ही सोंड तोंडात येते कुठून? तोंडातून नाही! गर्भ जेमतेम चार-पाच आठवड्यांचा असताना डोक्याच्या मागच्या अंगाला, मानेजवळ जमलेल्या पेशी प्रवासाला निघतात. गळ्याला वळसा घालून त्या तोंडाच्या तळाशी येतात आणि जिभेचे स्नायू होतात. येताना आपली नस बरोबर घेऊन येतात, म्हणून चव सांगणाऱ्या नसा वेगळ्या आणि जीभ हलवणारी नस वेगळी.

सुरुवातीला ही जीभ तोंडाच्या तळाला चिकटलेलीच असते. मग तिच्या कडेनं चर पडू लागतो. मधल्या पेशी आपण होऊन विरून जातात आणि जीभ सुटी होते. पूर्ण नाही. मधोमध एक घडी राहते. आरशासमोर जीभ वर उचला, दिसेल. तीच ती, जिला घरोघरी ‘जिभेखालची दोरी’ म्हणतात.

गंमत म्हणजे ही दोरी दोरी नाहीच. न्यूझीलंडच्या डॉक्टर निकी मिल्स यांनी बारकाईनं शवविच्छेदन करून २०१९ मध्ये दाखवलं, की तिथे वेगळी अशी कुठलीही तार किंवा दोरखंड नसतो. तोंडाच्या तळावर एक पातळ पडदा पसरलेला असतो, जीभ उचलली की तो मध्ये ताणून वर येतो. चादर पसरा, मधोमध चिमटीत धरून उचला, जशी घडी उभी राहते तशी. कोणाची घडी मागे आणि सैल, कोणाची पुढे शेंड्यापर्यंत आणि ताठ. माणसागणिक वेगळी, नाकासारखी!

ती फारच पुढे आणि ताठ असली, की जीभ बाहेर काढल्यावर शेंडा मध्येच खेचला जातो आणि बदामाचा आकार दिसतो. वर टाळूला पोचत नाही, ओठावरून फिरत नाही. याला आपल्याकडे ‘जीभ चिकटलेली’ म्हणतात आणि डॉक्टर मंडळी ‘टंग-टाय’. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे जास्त आढळतं.

याची पहिली परीक्षा बोलण्याच्या किती तरी आधी होते, अंगावर पिताना. बाळ दूध पितं म्हणजे नेमकं काय करतं? आपल्याला वाटतं, हिरड्यांनी दाबून पिळतं. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे डोना गेडीस यांनी पिणाऱ्या बाळाच्या तोंडाची सोनोग्राफी केली, तेव्हा दिसलं की जीभ खाली गेली, तोंडात पोकळी झाली आणि त्या क्षणी दूध आलं. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की पाणी आत येतं, अगदी तसं. तासाभराचं बाळ पिचकारीचं शास्त्र जाणतं! आता जीभच नीट हलत नसेल, तर पकड सुटते, बाळ चुकचुक आवाज करतं, दमतं, वजन रेंगाळतं आणि आईच्या स्तनाग्राला चिरा पडतात. हे दुखणं खरं आहे. ‘पहिलटकरणीला व्हायचंच’ म्हणून ते झटकू नये.

पण प्रत्येक घडी कापायची का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या अहवालात म्हटलं आहे, की जीभ चिकटलेली दिसते त्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांनाच पिताना अडचण येते. म्हणून आधी बाळाला नीट धरायला, नीट लावायला शिकवणारी अनुभवी बाई किंवा परिचारिका गाठावी, वजन पाहावं, आणि तरीही जमत नसेल तर डॉक्टरांनी ठरवावं. नवजात बाळात ही काही सेकंदांची गोष्ट असते, बोथट टोकाची कात्री, थेंब-दोन थेंब रक्त आणि लगेच आईच्या कुशीत. २०१७ साली अशा पाच चाचण्यांचा, एकूण ३०२ बाळांचा, एकत्र आढावा घेतला गेला. आईचं दुखणं थोड्या काळात कमी झालं, हे नक्की दिसलं. बाळाचं पिणं प्रत्येक वेळी सुधारलंच, असं मात्र दिसलं नाही. घरच्या घरी नखानं, ब्लेडनं हा उद्योग कोणी करू नये, हे वेगळं सांगायला हवं का?

आता मूळ सवालाकडे येऊ. दोन वर्षांचं पोर बोलत नाही. आजी म्हणते, ‘जीभ जड आहे.’ शेजारीण म्हणते, ‘दोरी कापा, धडाधड बोलेल.’ कोणी वेखंड घासा म्हणतं, कोणी मधाचं बोट चाटवा म्हणतं. (एक वर्षाच्या आत मध बिलकुल नको, त्यातल्या जिवाणूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.) या सगळ्या सल्ल्यांचा रोख एकाच ठिकाणी आहे, जिभेवर.

जरा एक प्रयोग करा, आत्ताच. जिभेचा शेंडा खालच्या दातांमागे घट्ट टेकवून ठेवा. अजिबात उचलायचा नाही. समजा, तुमची जीभ चिकटली आहे. आता म्हणा, ‘आई’. आलं? ‘बाबा’. ‘मामा’. ‘आबा’. ‘काका’. सगळं स्वच्छ! आता म्हणा ‘राहाता’. ‘लोणी’. ‘बाभळेश्वर’. झाली ना पंचाईत?

या एका प्रयोगात सगळं आलं. ‘आई’ या शब्दात एकही व्यंजन नाही, नुसते दोन स्वर. बाबा, मामा, आबा हे ओठांचं काम. काका जिभेच्या बुडाचं. बाळाचं पहिलं जग म्हणजे त्याची माणसं, आणि त्यांतल्या कित्येकांची नावं आपल्या भाषेनं अशी ठेवली आहेत, की जिभेचा शेंडा कामाला लावावाच लागू नये. मंमं, बाऊ, पापा, हम्मा, भूभू, माऊ, चिऊ, काऊ बघा. कोणा एका पंडितानं बसून हा अभ्यासक्रम आखलेला नाही. किती पिढ्यांच्या आज्यांनी आणि आयांनी, मुलाच्या तोंडाकडे बघत-बघत तो घडवला!

आपली वर्णमालाही तोंडाचा नकाशाच आहे. ‘क’ वर्ग घशाशी, ‘च’ टाळूला, ‘ट’ त्याच्या पुढे शेंडा उलटा वळवून, ‘त’ दातांशी, ‘प’ ओठांवर. आतून बाहेर, पाच वर्ग, पंचवीस अक्षरं. शाळेत शेवटी येणारी प-फ-ब-भ-म ही फलटण बाळाच्या तोंडात मात्र बहुधा सगळ्यांच्या आधी हजर होते. आणि ‘र’, ‘ळ’, ‘ण’, जोडाक्षरं ही मंडळी रमतगमत येतात. ‘पोळी’ची ‘पोयी’, ‘रामराम’चा ‘लामलाम’, ‘काका’चा ‘ताका’, ‘गाडी’ची ‘दादी’ हे बोबडे बोल म्हणजे आजार नव्हे. ‘र’ तर कित्येक मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत चकवतो. त्यात नवल काय? ‘कुर्रर्र’ करताना शेंडा सेकंदाला पंचवीसेक वेळा थरथरतो. इतक्या वेगानं कुठलाच स्नायू आपण मुद्दाम हलवू शकत नाही. जीभ फक्त नेमकी सैल धरायची, फडफडवायचं काम वारा करतो, झेंड्यासारखं. हे मुलाला समजावून सांगणार कसं? त्याचं त्यालाच एके दिवशी सापडतं.

तेव्हा हिशोब असा. चिकटलेली जीभ काही अक्षरं बिघडवू शकते, र, ळ, ल, ट, ड, स. तेही प्रत्येकात नाही, कारण जीभ हुशार असते, शेंडा उठत नसेल तर पात्यावर काम भागवते. पण चिकटलेल्या जिभेनं शब्दच फुटत नाहीत, मूल उशिरा बोलतं, याला भक्कम पुरावा नाही. उच्चार ही एक गोष्ट आणि भाषा ही दुसरी. चार वर्षांचं मूल भरभरून बोलतंय, पण परक्याला समजत नाही, तर उच्चाराचा प्रश्न. जीभ तपासा, वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. पण दोन वर्षांचं मूल ‘आई’ही म्हणत नाही, तर दोरी निर्दोष आहे. ‘आई’ला शेंडा लागतच नाही!

मग बघायचं कुठे? पोपटाकडे! त्याच्या चोचीकडे नाही, कानाकडे.

जो ऐकून शिकतो, त्याचं ऐकणं अडलं की शिकणं अडलं. दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय कमी ऐकू येतं. आणि हे घरात लक्षात येत नाही. पातेलं पडलं की बाळ दचकतं, दार आपटलं की वळतं, आपण निर्धास्त होतो. पण ‘क’ आणि ‘त’ मधला फरक पातेल्याएवढा मोठा नसतो. दुसरं एक छुपं कारण म्हणजे वारंवार होणारी सर्दी. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचतं आणि मूल महिनोन्‌महिने जणू पाण्याखालून ऐकत राहतं.

तान्ह्या बाळाला ऐकू येतं का, हे विचारायचं कसं? ते काय हात वर करून सांगणार? इथे निसर्गानं आपल्यासाठी एक अजब सोय करून ठेवली आहे. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांना आढळलं, की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, परत देतोही! आतल्या, सूक्ष्म केस असलेल्या पेशी आवाजाबरोबर नाचतात आणि त्यांच्या नाचाचा क्षीण प्रतिध्वनी कानातून बाहेर येतो. आज बाळ झोपलेलं असताना कानात मऊ बोंडी ठेवतात, टिकटिक ऐकवतात आणि कान उत्तर देतो का ते यंत्र टिपतं. सुई नाही, रडारड नाही, काही मिनिटांचं काम. याला ओएई चाचणी म्हणतात. जीभ बोलू लागण्याआधी आपलं मूल कानानं बोलत असतं. ओएईत शंका आली, किंवा बाळ जन्मानंतर अतिदक्षता विभागात राहिलेलं असलं, की मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहणारी बेरा चाचणी करतात.

कान ठणठणीत, समज चांगली, ‘बूट आण’ म्हटलं की आणतं, बोट दाखवून हवं ते मागतं, फक्त बोलत नाही, अशी मुलंही असतात. दोन वर्षांच्या शंभरांत दहा-पंधरा तरी उशिरा बोलणारी निघतात आणि त्यांतली बरीच पुढे बरोबरीला येतात. पण कोणतं मूल आपोआप येणार आणि कोणाला हात द्यावा लागणार, हे दारातून बघून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ‘त्याचा बापही पाचव्या वर्षी बोलला’ यावर थांबू नका. वर्षाचं बाळ ‘बाबाबा’ करत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांना ‘दुदू दे’, ‘बाबा भुर्र’ असे दोन शब्द जुळत नाहीत. किंवा कुठल्याही वयात, येत असलेलं बोलणं गेलं. यांतलं एक जरी दिसलं तरी तपासणी करायची. घरात दोन भाषा आहेत म्हणून हे होत नाही, त्या बिचाऱ्यांना दोष देऊ नका.

आणि तोवर घरात काय करायचं? जे तुम्ही नकळत करताच आहात, ते जास्त करायचं. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले देब रॉय यांनी मुलगा जन्मला तेव्हा घरभर ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि तीनेक वर्षं सगळं टिपलं. त्यात पाण्याला ‘गागा’ म्हणणारं पोर सहा महिन्यांत ‘वॉटर’पर्यंत कसं पोचतं, हे चाळीसेक सेकंदांत ऐकायला मिळतं. पण खरा चमत्कार मोठ्यांच्या आवाजात सापडला. मूल एखादा शब्द बोलायच्या बेतात आलं, की आई, वडील, दाई, तिघांचीही त्या शब्दाभोवतीची वाक्यं आपोआप आखूड होत गेली होती, आणि शब्द आला की पुन्हा हळूहळू लांबत गेली होती. कोणी ठरवलं नव्हतं, कोणाला कळलंही नव्हतं! चालायला शिकणाऱ्या मुलापुढे आपण वाकून बोट धरतो ना, भाषेतही आपण तसेच वाकतो.

मोबाइल वाकत नाही. २००३ साली सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींपुढे चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळत, गोष्ट वाचत. काहींना तीच माणसं, तेच खेळ, पण टीव्हीवर. पहिली बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली. टीव्हीवाली? काहीच नाही. डोळे पडद्यावर होते, कानात मात्र काही उतरलं नाही.

म्हणून भाजी निवडताना बोला, ‘ही बघ मेथी.’ मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. त्याला वळायला, बघायला, ‘मे’ म्हणायला वेळ द्या. तो ‘ताका’ म्हणाला तर ‘ताका नाही रे, का-का म्हण!’ अशी शिकवणी घेऊ नका आणि चारचौघांत पुन्हा-पुन्हा म्हणायला लावून हसूही नका. सहज म्हणा, ‘हो, काका आले! काका काय घेऊन आले?’ बरोबर शब्द दोनदा कानात गेला, आणि मूल खजील झालं नाही. त्याच्या कानावर विश्वास ठेवा. ‘चार शेळ्यांना चारा घाल’ हे वाक्य म्हणून पाहा. ‘चार’ मधला च वेगळा, ‘चारा’ मधला वेगळा. लिपीत दोन्ही एकच. हा नियम तुम्हाला शाळेत कोणी शिकवला होता? कोणीच नाही. तो शाळेत जायच्या आधीच कानानं आत आला.

या वाटेवर सोबतही जवळच आहे. २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातलं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत ऐकण्यातला दोष आणि बोलण्यातला उशीर ही दोन्ही नावं आहेत. तुमच्या अंगणवाडीताईंना पथकाचा दिवस विचारून ठेवा. राहाता तालुक्यात लोणीला प्रवराचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. आणखी पुढचा सल्ला लागलाच, तर १९८३ पासून मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाला वाहिलेली आहे.

तर पुढच्या वेळी राहात्याला पेरू घ्याल, तो नीट धुऊन, बिया काढून, बारीक फोडी करून मुलापुढे ठेवा. एक फोड तुम्ही उचला, म्हणा ‘पेरू’, आणि थांबा. ‘पेलू’ आलं तरी चालेल, ‘पेऊ’ आलं तरी चालेल. काहीच आलं नाही, तर जिभेची दोरी नंतर बघू. आधी त्याचे कान तपासून घ्या.